मागच्या महादेवापाशी संपणारी गल्ली

२९ ऑक्टोबर २००४, शुक्रवार

काल कोजागिरीचं दूध आटवताना लतिकाच्या पोटात कळ आली आणि तिच्या हातून पळी खाली पडली. गॅस होता, दुसरं काही नाही. पण दिना जिन्यावरून धडधडत खाली आला आणि अप्पा जप अर्धा टाकून उठून उभे राहिले. अप्पा जप अर्धा टाकत नाहीत. पळी उचलायचं कोणाला सुचेना, शेवटी लतिकानेच उचलली.

गेल्या वर्षी महाशिवरात्रीला मी इथे नव्हते, नोकरीसाठी नागपूरला होते. मला फोनवर एवढंच कळलं की लतिकाला दिवस भरण्याआधीच कळा आल्या, गल्ल्यांत भीड तुंबली होती, खुर्चीवरून नेताना अडकले, उशीर झाला, बाळ हाती लागलं नाही. दिना माझा धाकटा भाऊ, लतिका त्याची बायको. फोनवर हे सांगताना दिनाचा आवाज इतका सरळ होता की मीच घाबरले.

आता तिला परत दिवस गेलेत. तारीख डिसेंबरच्या मध्यावर आहे. सडकेजवळ दिनाच्या मित्राची खोली मिळते आहे, पण त्याच्याकडे लग्नाचे पाहुणे आहेत, कार्तिकी पौर्णिमेनंतरच मोकळी होईल. म्हणजे पौर्णिमा इथेच काढायची, दुर्गाघाटावर, जिथे अॅम्ब्युलन्स सोडा, दोन माणसं धड शेजारून चालत नाहीत. आणि पौर्णिमेला अर्धं बनारस दिवे बघायला आमच्याच दारावरून पंचगंगा घाटाला उतरतं. माझी झोप गेली आहे.

म्हणून ठरवलं, कॉलेजात पोरांना जे शिकवते ते घरच्या कामी आणायचं. एका फाईलमध्ये आसपासच्या सगळ्या गल्ल्या लिहायच्या, एका ओळीत एक गल्ली, कुठल्या कोपऱ्यापासून कुठल्या कोपऱ्यापर्यंत. प्रोग्रॅम ती फाईल वाचेल. त्या वेळी कुठल्या गल्ल्या तुंबल्यात ते मी सांगायचं, आणि उरलेल्या गल्ल्यांतून आमच्या दारापासून सडकेपर्यंतची वाट त्याने काढून द्यायची.

दिना म्हणाला, "ताई, जन्म गेला इथे आणि आता मशीनला विचारून घराबाहेर पडायचं?"

"जन्म गेलेलीच माणसं होती ना रे त्या दिवशी?" मी म्हटलं.

नको होतं बोलायला. जीभच मेली अशी आहे माझी.

१ नोव्हेंबर, सोमवार

अप्पा गल्ल्या सांगतात, मी टाईप करते. यात्रेकरूंना देवळं फिरवण्यात त्यांचं आयुष्य गेलं, त्यामुळे त्यांना गल्ल्यांची नावं येतच नाहीत, देव येतात. "मंगला गौरीकडून डावीकडे, मग गणपती, गणपतीपासून दोन वाटा." माझ्या फाईलमध्ये कोपऱ्यांच्या जागी सगळे देव बसलेत. कॉलेजातल्या कोणी पाहिलं तर हसतील. हसोत.

अप्पा भराभर सांगत होते. मागच्या महादेवाशी आले आणि खोकला लागला. देवळाला आमच्या घरात एवढंच नाव आहे, मागचा महादेव. पाणी प्यायला उठले, बराच वेळ आले नाहीत. आल्यावर म्हणाले, "ती तिथे संपली. पुढची घे." हवा बदलतेय, कफ झाला असणार. आल्याचा काढा करून दिला तर घेईनात.

४ नोव्हेंबर, गुरुवार

काल प्रोग्रॅम पहिल्यांदा चालला. आमचं दार दिलं, झटकन वाट आली, अगदी बराबर. आनंदाने दिनाला हाक मारली, त्याच्यासमोर परत तोच प्रश्न विचारला, तर "रस्ता नाही". तोच प्रश्न! तेच दार! दिना उठून निघून गेला. हसला असता तर बरं वाटलं असतं.

रात्रभर मला तेच दिसत होतं. लतिका खुर्चीत, आणि पडद्यावर ते दोन शब्द.

आज सकाळी चूक सापडली, आणि इतकी बावळट की पोरांच्या पेपरात मी तिला शून्य देते. फिरताना प्रोग्रॅम प्रत्येक कोपऱ्यावर खूण करतो, की इथे येऊन गेलो, म्हणजे तो गोल गोल फिरत बसत नाही. दुसऱ्या वेळी निघण्याआधी त्या खुणा पुसायला हव्यात. मी पुसल्याच नव्हत्या. बिचाऱ्याला दारातच वाटलं की आपण सगळीकडे जाऊन आलो. पुसल्या. चालला. दुपारी पोटभर जेवले.

७ नोव्हेंबर, रविवार

आनंद टिकेल तर ना. आज पौर्णिमेची तालीम म्हणून मोठी गल्ली बंद असं सांगितलं आणि ओळीने सगळी घरं विचारली. सगळ्यांना दुसरी वाट निघते. फक्त आमच्या दारातून आणि शेजारच्या दोन दारांतून "रस्ता नाही".

दिवसभर प्रोग्रॅमच्या मागे लागले. फाईल वाचण्यात एक गडबड निघाली, संपली तरी तो शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचत होता. ती काढली. तरी तेच. मग बिजली गेली. अंधारात बसले आणि मेणबत्ती आणायलाही उठवेना. कशाला घाबरते मी? एका फाईलला? पण सगळ्या मोहल्ल्यात नेमक्या आमच्याच घराला वाट का नसावी?

१२ नोव्हेंबर, शुक्रवार. लक्ष्मीपूजन

लतिकाने पाय सुजलेले असताना दारात रांगोळी काढली. ऐकत नाही. संध्याकाळी मला म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे म्हणता मागच्या वेळी आपण अडकलो. आम्ही अडकलो नव्हतो. चाललोच होतो की, अच्छे से. गार पाणी पायावर उडालं, आणि मागून अप्पा ओरडले."

"काय ओरडले?"

"नुसतंच ओरडले. देवाचं नाव घेतल्यासारखं."

कळांमध्ये माणसाला काय काय वाटतं. मी तिच्या पायांना तेल लावून दिलं. तिचा हात सारखा पोटावर असतो, बाळ हललं की बोट वर करून सांगते, हललं. आणि जरा वेळ गेला की घरातल्या सगळ्यांचं लक्ष त्या बोटाकडे.

१६ नोव्हेंबर, मंगळवार

आज सरळ मार्ग धरला. प्रोग्रॅमला सांगितलं, बाबा रे, जिथे जिथे जाशील तिथलं नाव छापत जा. आमच्या दारातून निघाला, गणपती, पिंपळ, मागचा महादेव, आणि तिथून परत फिरला. प्रत्येक वेळी तिथूनच.

फाईल उघडून पाहिली. मागच्या महादेवापासून पुढे जाणारी ओळच नाही. अप्पांना विचारलं, "पुढे काही आहे का हो?"

"मी सांगितलं ना, संपते तिथे."

आणि खरंच की. लहानपणी अप्पांचं बोट धरून जायचो तेव्हा आम्ही दोघं तिथूनच मागे फिरायचो. पुढे वळण आहे, वळणापलीकडचं मी कधी पाहिलेलंही नाही.

म्हणजे प्रोग्रॅममध्ये चूक नव्हती. मी किती तरी दिवस एका शहाण्या प्राण्याला बडवत होते. मोठी गल्ली तुंबली की आमच्या घराला खरोखरच वाट नाही. चूक असती तर दुरुस्त केली असती, आता काय करू? दिनाला सांगितलं तर तो जमिनीकडे बघत म्हणाला, "पौर्णिमेला काही होणार नाही, ताई. तारीख लांब आहे." मागच्या वेळीही तारीख लांबच होती.

२१ नोव्हेंबर, रविवार

आज भीती नाही, राग आलाय.

सकाळी मी एकटीच मागच्या महादेवाला गेले. म्हटलं, संपते तर भिंत किती उंच आहे ते तरी बघू, शिडी लागेल का, पलीकडच्या घरातून जाता येईल का. अभिषेकाचं पाणी देवळातून एका दगडी पन्हळीने बाहेर पडतं आणि गल्ली आडवी ओलांडून समोरच्या मोरीत जातं. मी पन्हळीच्या अलीकडे, आमच्या नेहमीच्या जागी उभी राहिले. तेवढ्यात वळणावरून एक दूधवाला दोन्ही हातांत कॅन घेऊन आला आणि पन्हळ ओलांडून माझ्या अंगावरून निघून गेला.

मी मागून ओरडले, "भैया, किधर से आ रहे हैं?"

"चौखंभा से, और किधर से!"

चौखंभ्याहून! तिथून सडक म्हणजे हाकेच्या अंतरावर.

घरी येऊन अप्पांसमोर उभी राहिले. "गल्ली पुढे जाते."

"जाते," अप्पा म्हणाले. "आपण नाही जात."

शंकराची पन्हळ ओलांडायची नाही, प्रदक्षिणा तिथवर करून परत फिरायचं, हे मलाही ठाऊक आहे. पण ते देवळातलं झालं. आमच्या घराण्यात गल्लीतली पन्हळसुद्धा कोणी ओलांडत नाही, हे मला वयाच्या पस्तिशीत कळलं, कारण कोणी सांगितलंच नाही, नुसतं हाताला धरून मागे फिरवलं. मी काय काय बोलले ते लिहवत नाही. एका पन्हळीपायी पोरीचा जीव घेता का, असंही बोलले.

अप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, "ओलांडली होती. शिवरात्रीला. मोठी गल्ली बंद होती म्हणून दिना आणि त्याचा दोस्त विश्वेश्वर खुर्ची घेऊन तिकडून वळले. मी मागे होतो, मला पोचता आलं नाही. महादेवाच्या रात्री, महादेवाचं पाणी लाथाडून गेलो आपण. आणि काय झालं ते तुला माहीत आहे."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"नाळ गळ्याभोवती होती म्हणे. डॉक्टरांचं त्यांच्यापाशी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "शरू, ती ओळ घालू नकोस गं त्यात."

माझा बाप कधी कोणाची मनधरणी करत नाही.

२२ नोव्हेंबर, सोमवार

काल ओळ घातली. आमच्या दारातून लगेच वाट निघाली, सरळ, छोटी, सुंदर. ती पडद्यावर बघत बसले. बाहेर लतिका दिनाला सांगत होती, हललं.

आणि मी ती ओळ काढून टाकली. कॉम्प्युटर शिकवते मी. नाळ म्हणजे काय ते मला कळतं. तरी काढली. उद्या काही झालंच तर बोट माझ्या ओळीकडे जाईल, ही भीती वाटली, दुसरं काही नाही. अप्पांना हसण्याचा मला काय अधिकार आहे?

२४ नोव्हेंबर, बुधवार

लतिकाने विचारलं, "ताई, आपल्या घरून रस्ता निघाला का?"

मी म्हटलं, "हो."

खालच्या घाटावरचा विश्वेश्वर येऊन गेला. आखाड्यातला गडी, दिनाचा बालमित्र. "दीदी, चिंता मत कीजिए, हम हैं न." मागच्या वेळीही होता. परवा पौर्णिमा. खाली पायऱ्यांवर पणत्या मांडायला सुरुवात झाली आहे.

२७ नोव्हेंबर, शनिवार

कालचं सगळं लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल.

पौर्णिमेचं जेवण उरकत होतं. लतिका ताटावरून उठली आणि भिंतीला धरून उभी राहिली. "ताई," एवढंच म्हणाली. खालची फरशी ओली झाली होती. बाई गं! मला आधी वाटलं तांब्या लवंडला. दिनाने अॅम्ब्युलन्सला फोन लावला, ती चौखंभ्याच्या तोंडाशी थांबेल म्हणाले, आत येणं शक्य नाही. मी विश्वेश्वरला हाका मारत सुटले.

हातांची लाकडी खुर्ची घेतली, लतिकाला बसवलं, सुती लुगड्याने पाठीला बांधलं. विश्वेश्वर पुढे, दिना मागे, मी बाजूला, अप्पा सगळ्यांच्या मागे. गणपतीच्या कोपऱ्यावर पोचलो तर मोठी गल्ली माणसांनी ठासून भरलेली. सगळे घाटाकडे उतरत होते आणि आम्हाला वर जायचं होतं. विश्वेश्वर "हटो, हटो" म्हणून ओरडला. हटणार कुठे? दोन्ही बाजूंना भिंती.

"दीदी," त्याने मला विचारलं, "इधर से कि उधर से?"

सगळे माझ्याकडे बघत होते. लतिकासुद्धा. रस्ता निघाला म्हणून मीच सांगितलं होतं ना तिला! तिने दिनाचं मनगट धरलं होतं आणि नखं आत रुतली होती.

मी म्हटलं, "मागच्या महादेवाकडून."

दिनाने मान वळवून अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी पाठ फिरवली आणि ते घराच्या दिशेने चालायला लागले. अक्षरशः निघून गेले! त्या क्षणी मला त्यांचा जेवढा तिटकारा आला तेवढा जन्मात कोणाचा आला नाही. मी दिनाला ओरडले, "चल रे!" आणि तो चालला, पण त्याचे पाय जड झाले होते, मला दिसत होतं.

पिंपळापर्यंत गेलो असू. मागून धापा टाकल्याचा आवाज आला. "बाजूला, बाजूला!" अप्पा. छातीशी त्यांचा जेवायचा पाट धरलेला, उपरणं कुठे पडलं पत्ता नाही, पंचा गुडघ्यांवर आलेला. भिंतीला खांदा घासत ते आमच्या शेजारून पुढे घुसले आणि धावले. अप्पांना धावताना मी कधी पाहिलं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा त्यांनी पन्हळीवर पाट आडवा टाकला होता. पौर्णिमेचा अभिषेक चालू होता, पाणी जोरात येत होतं, पाट हलत होता. अप्पा गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी तो दाबून धरला.

"झाकली आहे," ते म्हणाले. "लाकूड मध्ये आलं की दोष नाही, शास्त्रात आहे. जा. पाय पाटावर ठेवा आणि जा."

विश्वेश्वरने पाय ठेवला. मग दिनाने ठेवला, अप्पांच्या बोटांच्या अगदी शेजारी. मी शेवटी गेले. अप्पा वर बघत नव्हते. स्वतःशीच पुटपुटत होते, आधी मला वाटलं स्तोत्र म्हणतायत. जवळून ऐकू आलं, "आयुष्यभर लोकांना सांगितलं. गवताची काडी टाकली तरी चालतं म्हणून सांगितलं. त्या दिवशी मलाच सुचलं नाही. मलाच सुचलं नाही."

वळणापलीकडे गल्ली रिकामी होती. चौखंभ्याला गाडी उभी होती. पुढचं मला नीट आठवत नाही. नर्सिंग होमच्या बाकावर दिना आणि मी बसलो होतो, दारामागे बराच वेळ नुसत्या भांड्यांचे आवाज येत होते, आणि दिना म्हणाला, "ताई, मला त्या दाराकडे बघवत नाही, तू बघ." मी बघत राहिले.

ऊन उतरता उतरता नर्स बाहेर आली. मुलगी. वजन कमी आहे, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवतील, पण ठीक आहे. लतिका ठीक आहे. दिना बाकावरून उठलाच नाही, तिथेच ओंजळीत तोंड लपवून बसला.

अप्पांना कोण सांगणार? घरचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. मी निघाले. चौखंभ्याहून त्याच गल्लीत शिरले, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाजूने. लांबून घाटावरचे नगारे ऐकू येत होते. वळण घेतलं तर अप्पा तिथेच होते. पाटाशेजारी, भिंतीला टेकून, ओल्या पंच्यात. दुपारपासून तिथेच. लोक त्यांना वळसा घालून जात होते, कोणीतरी त्यांच्यापुढे पैसे टाकले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता.

मला पाहिलं पण उठले नाहीत. माझ्या चेहऱ्याकडेही बघेनात, पायांकडे बघत म्हणाले, "रडलं का?"

"रडतंय अप्पा. मुलगी आहे. मी निघाले तेव्हाही रडतच होती. आख्खं नर्सिंग होम डोक्यावर घेतलंय."

त्यांनी मान हलवली. पुन्हा हलवली. मग माझा बाप भर गल्लीत रडला, आणि मी त्यांच्याजवळ खाली बसले, पन्हळीला पाय लागतोय की नाही ते न बघता.

बऱ्याच वेळाने मी त्यांना धरून उठवलं. ओला पाट घरी न्यायला वाकले तर त्यांनी माझा दंड धरला.

"राहू दे," अप्पा म्हणाले. "मायलेकींना परत यायचंय ना इथूनच."